माझ्या मुखपृष्ठावरचा चोर

मी एक जुनी रहस्यकादंबरी आहे आणि माझ्या मुखपृष्ठावर एका चोराचं नाव आहे. मित्रांनो, अशी हाक मारायची पद्धत आहे म्हणून मारते. मित्र तुम्ही माझे कधीच नव्हता. मित्र थुंकी लावून पानं उलटत नाहीत. मित्र माझ्या पाठीवर गरम कप ठेवून वर ‘डाग आधीपासूनच होता’ म्हणत नाहीत. तुमच्यातल्या एका महाभागाने तर माझ्या पहिल्याच प्रकरणाच्या समासात लिहून ठेवलंय, ‘हा माणूस खोटा आहे, पुढे कळेल.’ अरे बाबा, पुढे कळणार आहे ना, मग पुढेच कळू दे की! त्याच्या पेनातली शाई कायमची वाळो, एवढंच मी म्हणते.

पण आज माझं भांडण तुमच्याशी नाही. ज्याच्याशी आहे त्याचं नाव माझ्या तोंडून निघायचं नाही. ते माझ्या कपाळावर सोनेरी अक्षरांत छापलंय तेवढं पुरे. जिने मला लिहिलं ती त्याला भाऊजी म्हणायची, म्हणून मीही भाऊजीच म्हणते. ती त्याची वहिनी, थोरल्या भावाची बायको. पुढे पुढे गल्लीतले लोक, दुकानदार, दूधवाला, सगळेच तिला वहिनी म्हणायला लागले. तिला दुसरं काही नाव असेल असं कुणाच्या मनातही येत नसे.

तरुणपणी ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. कानाला हेडफोन, समोर वायरींचं जंजाळ, आणि दिवसभर याची वायर त्याला जोडायची. तिला चेहरे लक्षात राहत नसत, आवाज राहत. एकदा एका गृहस्थाने फोनवर आपलं नाव सांगितलं आणि ती चमकली. ह्याच आवाजाने मागे कधीतरी दुसरंच नाव सांगितलं होतं. पुढे त्याचं काही झालं नाही. तिचा भासही असेल. पण तिच्या डोक्यात मी शिरले ती त्या दिवशी. मग नवी यंत्रं आली, एक्स्चेंजमधल्या बायकांना घरी बसवलं, आणि वहिनीबरोबर मीही स्वयंपाकघरात आले.

माझी गोष्ट थोडक्यात सांगते. ज्यांना वाचायची आहे त्यांनी कान झाका. दोन मित्र बोटीवर कामाला असतात. एक बुडतो. दुसरा त्याचे कपडे, त्याचे कागद आणि त्याचं नाव घेऊन त्याच्या घरी जातो. बुडालेल्याची आई डोळ्यांनी अधू. ती याला मुलगा समजून पोटाशी धरते. याला घर मिळतं, नोकरी मिळते, लोक नमस्कार करतात. मग पोलीस माग काढत येतात. भर बाजारात ते त्याला मागून त्याच्या खऱ्या नावाने हाक मारतात. तो वळून बघत नाही. सुटला, असं तुम्हाला वाटतं. तेवढ्यात ती म्हातारी येते आणि आपल्या मुलाच्या नावाने हाक मारते. तो तेव्हाही वळत नाही. चालत राहतो. तिथे मी संपते.

वहिनीने मला ओट्याशी उभं राहून लिहिलं. माझ्यापायी कितीतरी वेळा दूध उतू गेलं आणि तिने बोलणी खाल्ली. भाऊजीचा कोर्टासमोर टायपिंगचा गाळा होता. तिथले बिघडलेले कागद तो घरी आणून टाकायचा. त्यांच्या कोऱ्या बाजूवर ती लिहायची. एका बाजूला कुणाचा तरी घटस्फोट आणि दुसऱ्या बाजूला मी, अशी माझी बाळपणीची अवस्था.

पूर्ण झाले तेव्हा तिने भीत भीत गठ्ठा भाऊजीपुढे ठेवला.

“भाऊजी, सवड मिळेल तसं एवढं टाईप करून द्याल का?”

“द्या की! काय लिहिलंय वहिनी, लोणच्याची कृती?” असं म्हणून तो हसला.

भाऊजीची एक फुशारकी होती आणि ती तो येईल त्याला ऐकवायचा. “मी मजकूर वाचत नाही. डोळ्यांतून आत शिरतो तो बोटांतून बाहेर. मध्ये डोकं लागतच नाही, म्हणून माझी चूक होत नाही.” भाडेकराराला ते चालत असेल. मलाही त्याने भाडेकरारासारखंच टाईप केलं. माझ्यातला मित्र बुडाला, म्हातारी रडली, पोलीस आले, आणि ह्याची बोटं आपली ठकठक ठकठक. एका ओळीला तरी ती अडखळली असतील तर शपथ!

आता मला वहिनीचा राग येतो तो ऐका. तिने माझ्यावर कुठेही आपलं नाव लिहिलं नव्हतं. आपलं नाव आपणच काय लिहायचं, बरं दिसत नाही, छापणारे विचारतील तेव्हा सांगू, असं तिला वाटलं. अगं बाई! नाव चोरणाऱ्याची गोष्ट लिहिणारी तू, आणि स्वतःच्याच घराचं दार सताड उघडं टाकलंस? भाऊजीने गठ्ठा बांधला आणि प्रत्येक कामावर मारायचा तसा वर गाळ्याचा शिक्का मारला. शिक्क्यात त्याचं नाव, गाळ्याचा पत्ता. प्रकाशकाला वाटलं हाच लेखक. उत्तर आलं ते गाळ्यावर आणि त्याच्या नावाने. आपली कादंबरी हातातून खाली ठेववत नाही, ताबडतोब भेटावे.

इथपर्यंत चूक होती. एका वाक्यात निस्तरली असती. पण तो इस्त्रीचा शर्ट घालून प्रकाशकाकडे गेला, ‘सुचलं कसं हो तुम्हाला’ ह्या प्रश्नावर गालातल्या गालात हसला आणि करारावर सही करून आला. आयत्या पिठावर रेघोट्या मारणारे मी पुष्कळ पाहिलेत, पण ह्याने तर पीठ दळणारीलाच घराबाहेर काढलं.

छापून झाल्यावर त्याने मला घरी आणलं ते पेढा आणावा तसं, मिरवत. वहिनीने हात पुसले, मला हातात घेतलं, मुखपृष्ठ वाचलं.

“हे काय भाऊजी?”

“अहो, प्रकाशकांनीच घातलं. मी म्हणणार होतो, पण छापून झालं होतं. आणि खरं सांगू का, बाईच्या नावाची रहस्यकथा विकत कोण घेतो?”

“लिहिली मी.”

“कागद कुणाचा होता? टाईप कुणी केली? प्रकाशकाकडे खेटे कुणी घातले?” त्याचा आवाज चढला. चोर तो चोर, वर शिरजोर.

वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं. तो बिचारा बूट काढत होता. एक बूट काढायला त्याने जेवढा वेळ लावला तेवढ्यात मी अर्धी वाचून झाले असते.

“अगं, आडनाव तर आपलंच आहे ना,” तो म्हणाला. “घरातलं घरातच राहिलं. उगाच चव्हाट्यावर कशाला न्यायचं?”

अशा माणसाला लोक शांत स्वभावाचा म्हणतात. मी त्याला दुसरा शब्द वापरते, पण तुमच्यात लहान मुलं असतील.

माझं दुसरं पान उघडून बघा. अर्पणपत्रिका आहे. ‘वहिनीस, जिच्या चहाशिवाय ही पानं लिहून झाली नसती.’ चहा! माझ्या अंगावर हे वाक्य आहे, मित्रांनो, आणि मला ते खाजवून काढता येत नाही.

मग माझे सुगीचे दिवस आले. मी खपले. लोक कामावर उशिरा पोहोचले, कुणाची भाजी करपली, कुणी दवाखान्यात नंबर आला तरी उठेना. भाऊजीने गाळा भाच्याकडे सोपवला आणि तो लेखक झाला, म्हणजे गळ्यात मफलर घालून हळू बोलायला लागला. लेखकाला मिळतात त्या फुकट प्रती त्याने कपाटात कुलूपबंद केल्या आणि वकिलांना, साहेबांना सह्या करून वाटल्या. वहिनीला एकही मिळाली नाही. शेवटी ती वाचनालयात आली आणि नवऱ्याच्या कार्डावर मला घरी घेऊन गेली. स्वतःची कादंबरी, परत करायच्या बोलीवर! ती प्रत म्हणजे मी. तिने मला तुमच्यासारखं वाचलं नाही. नुसती पानं उलटली आणि मुदतीच्या आत परत केलं. त्यानंतर मी फडताळात परतले की ती पुन्हा मला न्यायची. इतक्यांदा नेलं की शिक्क्यांचा कागद भरून गेला.

दुसऱ्या कादंबरीची मागणी आली तेव्हा भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. “वहिनी, डोक्यात काही आहे का?” ती म्हणाली, “चहा आहे. टाकू?” त्या दिवशी मी पहिल्यांदा तिच्यावर खूश झाले.

मग एका संध्याकाळी वाचनालयात भाऊजीचा सत्कार झाला. खुर्च्या मांडल्या, माईक आणला, अध्यक्ष म्हणून बँकेचे निवृत्त मॅनेजर बसवले. मला टेबलावर उभं केलं होतं. वहिनी नवऱ्याबरोबर मागच्या रांगेत होती. भाषणं झाली. वाचकांनी प्रश्न विचारावेत असं अध्यक्षांनी म्हटल्याबरोबर दातांचा डॉक्टर उठला. हा माझा जुना वाचक. एका पेशंटच्या तोंडात इंजेक्शन दिलं की जबडा बधिर होईपर्यंत तो मला वाचायचा. त्याच्या बोटांचा लवंगेचा वास अजून माझ्या अंगाला आहे.

“मला एकच विचारायचंय,” तो म्हणाला. “शेवटी तो असा का वागतो?”

भाऊजीने मफलर सारखा केला. “छान प्रश्न. बघा, गुन्हेगार कितीही हुशार असो, खऱ्या नावाची हाक कानावर पडली की तो गाफील राहतोच. तो वळतो आणि सापडतो. सत्य लपत नाही.”

सभागृहात चुळबुळ झाली. डॉक्टर गोंधळला. “पण तो वळत नाही ना! पुस्तकात दोन्ही वेळा वळत नाही.”

मी टेबलावर उभी होते. मला वाटलं, झालं! आता ह्याची बोलती बंद. सगळं बोटांतून बाहेर काढलं ना रे, मध्ये डोकं लावलं नाहीस ना? भोग आता! भाऊजीच्या कपाळावर घाम आला होता, मी जवळून पाहिला.

आणि अध्यक्ष हसले. माईक ओढून म्हणाले, “बघा, हे खरे कलावंत! लिहून झालं की विसरून जातात!” आणि टाळ्या पडल्या. माझा तर जळफळाट झाला.

टाळ्या थांबायच्या आत वहिनी उठून उभी राहिली. नवऱ्याने हात ओढला, तो तिने झटकला.

“तो वळत नाही,” ती म्हणाली, “कारण स्वतःचं नाव त्याने टाकलं आणि दुसऱ्याचं त्याच्या अंगी लागलं नाही. ओ द्यायला त्याच्याकडे काही उरलंच नाही. ते पान मी चारदा लिहून फाडलं. पहिल्यांदा वळवला होता, ते मलाच पटेना.”

 ‘मी’ म्हणाली होती ती, सगळ्यांनी ऐकलं होतं. पण ऐकून करायचं काय हे कुणालाच कळेना. तेव्हा अध्यक्षच पुन्हा मदतीला धावले. “वा! घरची माणसंही किती समरस झाली आहेत! वहिनींसाठी एकदा टाळ्या!” तुम्ही तिथे असतात तर तुम्हीही वाजवल्या असत्या. म्हणून म्हणते, मित्र म्हणून घेऊ नका.

त्या दिवशी तिने मला घरी नेलं. मागोमाग भाऊजी आला, तो दार आपटतच.

“माझी अब्रू घालवायला उठला होतात का? खाता कुणाचं? ह्या घराला रंग कुणाच्या पैशाने लागला?”

“माझ्या,” वहिनी म्हणाली.

“पुरावा काय? आहे कुठे तुमचं नाव? दाखवा ना!”

नवरा म्हणाला, “हळू बोला, शेजारी ऐकतील.”

वहिनीने वाणसामानाची यादी करायचं पेन घेतलं, मला टेबलावर उघडलं, पहिल्या पानावरच्या भाऊजीच्या नावावर आडवी रेघ मारली आणि वर आपलं नाव लिहिलं. ह्या घराचं आडनाव नाही. एक्स्चेंजमध्ये लागली तेव्हाचं, माहेरचं, पूर्ण. दाबून लिहिलं, तीन पानं खालपर्यंत वळ उठले. आयुष्यात कुणी माझ्यावर लिहिलं आणि मला दुखलं नाही असं तेव्हाच झालं.

“वाचनालयाची प्रत आहे ती!” नवरा घाबरून म्हणाला. बायकोचं पुस्तक गेलं तेव्हा घाबरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या वेळेला ती मला घेऊन हजर. ग्रंथपाल बाईंची आणि तुमची गाठ पडली नसेल तर तुमचं नशीब थोर. जगातली सगळी माणसं पुस्तकं खराब करायलाच जन्माला आली आहेत असं त्यांचं मत, आणि माझंही. त्यांनी मला उघडलं आणि त्यांचा चेहरा फुटाण्यासारखा तडकला.

“पेनाने! कुणी केलं हे?”

“मी.”

“दंड भरा. आणि दंड भरेपर्यंत नाव बाहेरच्या फळ्यावर राहील. नियम आहे. पुस्तक खराब करणाऱ्याचं नाव, पुस्तकाचं नाव आणि काय खराब केलं ते.” त्यांनी खडू उचलला. “कार्ड तुमच्या मिस्टरांचं आहे. त्यांचं नाव लिहिते.”

“लिहिलं मी,” वहिनी म्हणाली. “एकाने केलेल्या कामाला दुसऱ्याचं नाव लावता का तुम्ही इथे?”

बाई थबकल्या. त्यांना वहिनीबद्दल काडीची माया नव्हती, हे मी लिहून देते. त्यांना फक्त नियम चुकलेला खपत नसे.

“नाही,” त्या म्हणाल्या. “सांगा नाव. पूर्ण सांगा. आणि ऐका, दंड भरल्याशिवाय ह्या वाचनालयातलं एकही पुस्तक तुम्हाला मिळणार नाही. वाचायला बसूसुद्धा देणार नाही.”

वहिनीने एकदा फडताळांकडे पाहिलं. तिला पुस्तकांवाचून करमत नाही, हे मला माहीत आहे. तिच्या उशाशी मी किती वेगवेगळ्या पुस्तकांच्या शेजारी झोपले आहे! मग तिने नाव सांगितलं.

बाईंनी फळ्यावर रागारागाने ठसठशीत अक्षरांत लिहिलं. आधी तिचं नाव. मग माझं नाव. मग गुन्हा: ‘पुस्तकावर लेखक म्हणून स्वतःचं नाव लिहिणे.’

हा फळा वाचनालयाच्या दाराबाहेर असतो, येणाऱ्याजाणाऱ्याची नजर आधी त्यावरच पडते. दुसऱ्याची फजिती वाचायला कुणाला आवडत नाही? पहिल्या दिवशी लोक हसले. दुसऱ्या दिवशी दातांचा डॉक्टर आला, त्याने वाचलं, पुढे गेला आणि परत मागे आला. “म्हणजे त्या दिवशी ‘मी चारदा फाडलं’ म्हणाल्या, त्या ह्याच?” तो ग्रंथपाल बाईंना म्हणाला. बाई म्हणाल्या, “शांतता राखा.” पण त्याच्या दवाखान्यात कोण शांतता राखणार? तो प्रत्येक पेशंटला ही हकिगत सांगायला लागला, आणि पेशंटचं तोंड उघडं असल्यामुळे कुणाला मध्ये बोलता येत नव्हतं. आठवडाभरात सगळीकडे एकच विषय. लोक मला मागायला आले ते गोष्ट वाचायला नाही, ती रेघ बघायला.

मग भाऊजी धावत आला. त्याने टेबलावर पैसे आपटले.

“हा घ्या दंड. आणि ते आधी पुसा.”

“ज्याचं नाव त्यानेच भरायचा,” बाई म्हणाल्या. “पावतीवर सही लागते.”

“मग मी करतो ना तिची सही. घरचाच माणूस आहे मी.”

बोलून गेला तो. सवयीने बोलून गेला! मागे पुस्तकं बदलायला आलेल्यांची रांग होती आणि रांगेत डॉक्टर होता. बाईंनी चष्मा काढला.

“तिच्या नावाने तुम्ही सही करणार? माझ्यासमोर?”

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. भाऊजीने पैसे उचलले, मफलर घट्ट केला आणि निघाला. रांगेतूनच डॉक्टरने त्याला हाक मारली, ‘अहो लेखक!’ तो वळला नाही.

तर मित्रांनो, अजूनही दुकानातल्या माझ्या नव्या प्रतींवर त्याचंच नाव आहे. प्रकाशकाने हात वर केलेत, करारावरची सही दाखवतो. न्याय वगैरे झालेला नाही. झालंय ते एवढंच, की ह्या एका दारावर तिचं नाव आणि माझं नाव शेजारी शेजारी आहे. पावसाने खडू फिकट झाला की बाई शिव्या देत पुन्हा गडद करतात. वहिनी कधीमधी येते. आत येता येत नाही, म्हणून दारातच उभी राहते, फळा वाचते, आणि पुस्तक न घेता घरी जाते.

तुम्हाला शेवटी काहीतरी बोध हवा असतो, तो घ्या. पुस्तकं जपा. पानं दुमडू नका, कप ठेवू नका, समासात शहाणपणा पाजळू नका. आणि तुमच्यात कुणी दयाळू असेल, तिला पुस्तकांवाचून उभी बघून ज्याच्या पोटात तुटत असेल आणि गुपचूप पैसे पुढे करून बाईंना गळ घालायचं ज्याच्या मनात असेल, त्याला हात जोडून सांगते. खबरदार! तिचा दंड कुणी भरायचा नाही.